ह्यूस्टनच्या टाकीतलं वाकडं कडं

अमेरिकेहून परत आल्यापासून इचलकरंजीत जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" त्याला धबधबा हवा असतो, नाहीतर उंच इमारती, निदान बर्फ तरी. मी तीन आठवडे राहून एक काचेची टाकी पाहिली असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो. टाकीत काय होतं? पाणी. पाण्यात काय होतं? पाणीच. इथवर आलं की बहुतेक जण चहा संपवून उठतात. जे बसून राहतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ शिकवण्यात आयुष्य काढलं. निवृत्त झाले तरी हात निवृत्त झालेले नाहीत. कुणाचा मिक्सर खरखरतो, कुणाच्या दाराची बिजागरी कुरकुरते, मला न बोलावताच कळतं आणि मी न बोलावताच जाते. माझी भाची केतकी, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, ह्यूस्टनच्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. विषय काय, तर पाण्यात तयार होणारी कडी. हे ऐकल्यापासून माझे हात शिवशिवत होते.

विमानतळावर माझ्या बॅगेतून पितळी सोऱ्या निघाला. तिथल्या तपासनीसाने तो दोन्ही हातांनी उचलला, फिरवून पाहिला, आतली चांदणीची चकती बोटावर घेतली आणि गंभीरपणे विचारलं की हे कशासाठी. मी सांगितलं, पिठावर दाब देण्यासाठी. त्याने आणखी एका साहेबाला बोलावलं. शेवटी मी हवेतल्या हवेत दांडा फिरवून चकली पाडून दाखवली, तेव्हा दोघांनी मला जाऊ दिलं. पर्समधल्या कुंकवाच्या करंड्याकडे आणि खोबरेल तेलाच्या चिमुकल्या डबीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी खरं तर तेच जप्त करायला हवं होतं.

रविवार, शुगर लँड

मी ह्यूस्टनच्या या उपनगरात शैलाताईंकडे उतरले होते. त्या माझ्या थोरल्या जावेची सख्खी बहीण. त्या आणि त्यांचे यजमान डॉक्टर तरुणपणी टेक्सासात आले आणि इथलेच झाले. घरात माणसं दोन आणि मोटारी तीन. ऑक्टोबर उजाडला तरी दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि आत आलं की स्वेटर शोधावा लागायचा. इचलकरंजीत दुधाला जितकी पावलं चालते, जवळपास तितके मैल इथे कोथिंबिरीला लागतात.

नवरात्र होतं. शैलाताईंनी घट बसवले होते ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर, डिशवॉशरच्या बरोबर वर. धूप लावला की छतातला धुराचा अलार्म बोंबलायला लागतो, म्हणून आरती सुरू झाली की डॉक्टर टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभे राहतात आणि तालावर वारा घालतात. इतकी वर्षं हे चाललं आहे की डॉक्टरांना आता टाळ्यांपेक्षा टॉवेलच जास्त जमतो.

त्या संध्याकाळी केतकी जेवायला आली. मी म्हटलं, "तू नेमकं काय करतेस ते मला एकदा समजेल असं सांग."

"सांगत नाही, दाखवते. काकू, एखादा रिकामा बॉक्स आहे?"

शैलाताईंकडे रिकामे खोके नाहीत असं होणं शक्यच नव्हतं. केतकीने एका खोक्याला वाटीएवढं गोल भोक पाडलं, आत धूप धरला, बाकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि मागच्या बाजूवर थाप मारली. भोकातून धुराचं एक गुबगुबीत कडं बाहेर पडलं आणि कुणी हाक मारल्यासारखं सरळ खोलीतून चालत निघालं.

"धूर फक्त दिसण्यासाठी आहे हं," केतकी म्हणाली. "खरं कडं हवेचं. भोकाच्या काठापाशी हवा अडखळते, बाहेरच्या बाजूला वळते आणि गुंडाळली जाते. मग तिला पुश करायला कुणी लागत नाही. ती स्वतःच स्वतःला पुढे नेते. ही व्हॉर्टेक्स रिंग."

"आणि जोरात थाप मारली तर मोठं होईल?"

"एका लिमिटपर्यंत. कडं पोटभर घेतं आणि मग बस म्हणतं. त्याच्यावर जे ढकलशील ते नुसतं मागे शेपटीसारखं लोंबतं."

मला हे फार आवडलं. आमच्याकडे पंगतीत आग्रह करणाऱ्यांना हे कुणीतरी शिकवायला हवं. मी "बघू बरं" म्हणून खोकं हातात घेतलं आणि एक सणसणीत थाप ठेवून दिली. कडं निघालं ते थेट घटाजवळच्या समईच्या रोखाने. शैलाताई किंचाळून मध्ये पडल्या आणि ते त्यांच्या कपाळावर फुटलं.

"अष्टमीला दिवा विझवता का?" त्या ओरडल्या. वर अलार्मही बोंबलू लागला. डॉक्टर टॉवेल घेऊन धावले. वारा घालता घालता म्हणाले, "हसू नका, सुधाताई. दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त शिरतं तेव्हा तिथेही असंच कडं होतं. आत्ता तुमच्या छातीत चालू आहे." मी नकळत छातीवर हात ठेवला.

जेवताना केतकीने खरी गोष्ट सांगितली. तिला पाण्यात एकामागून एक दोन कडी सोडायची होती. मागचं कडं आकसून पुढच्याच्या आतून निघून जातं, मग मागे पडलेलं आकसतं आणि ते आतून जातं. कागदावर हे सोपं आहे. पाण्यात मात्र एखादा केसाएवढा फरक पडला तरी दोन्ही एकमेकांत अडकून फाटतात. येत्या शुक्रवारी तीन वाजता तीन प्राध्यापक हे डोळ्यांनी बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं की ती प्रबंध लिहायला मोकळी.

"आणि नाही जमलं तर?"

"जानेवारीत माझी गाइड दुसऱ्या युनिव्हर्सिटीत चाललीय. मग मला नवीन गाइड, नवीन टॉपिक. चार वर्षं गेली, मावशी. परत फ्रॉम स्क्रॅच." ती हे शांतपणे म्हणाली, पण ताटातला भात नुसताच चिवडत होती.

सोमवार, प्रयोगशाळा

तिची गाइड म्हणजे साठीच्या घरातली, पांढरे केस बारीक कापलेली बाई. केतकी तिला "लिंडा" अशी सरळ नावाने हाक मारते. आमच्या प्राचार्यांना कुणी नावाने हाक मारली असती तर त्यांना ती आपल्यालाच मारली आहे हे कळायला तास गेला असता. लिंडाने माझा हात हातात घेऊन स्वागत केलं आणि एकच विनंती केली, टाकीला हात लावू नका.

टाकी माणूस आडवा झोपेल एवढी लांब, वरून उघडी. एका टोकाला पाण्याखाली पितळी नळी, तिच्यामागे पिस्टन आणि तो ढकलणारी मोटार. पिस्टन पुढे सरकला की नळीच्या तोंडातून लाल रंगाचं पाणी कड्याच्या रूपात बाहेर पडतं आणि समोरचा कॅमेरा ते टिपतो. एकदा सोडलं की पाणी पुन्हा निवांत होईपर्यंत पाऊण तास थांबायचं. तोवर दार आपटायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. इतक्या शांततेत मी आयुष्यात फक्त परीक्षेच्या वेळी बसले आहे, तीही पर्यवेक्षक म्हणून.

मी त्या दिवशी दोन कडी एकमेकांतून जाताना पाहिली. मागचं बारीक झालं, पुढच्याच्या पोटातून सुळकन निघालं, आणि मग जे मागे राहिलं होतं ते त्याच्या मागे लागलं. मी टाळी वाजवणार होते. केतकीने डोळे वटारले.

टाकीची सगळी यंत्रसामग्री सांभाळतो वॉल्टर. वय माझ्याएवढंच, हातावर तेलाचे डाग, बोलणं मोजकं. नळीच्या टोकाला बसणारं सुटं पितळी तोंड त्यानेच लेथवर कापलेलं. मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मीही लेथवालीच, आणि ही केतकी नववीत असताना आम्ही तिच्यासाठी इंजेक्शनच्या सिरिंजांचा असा जॅक बनवला होता की विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला. वॉल्टरने आदराने मान हलवली. केतकी काहीतरी शोधायला खाली वाकली.

दुपारी वॉल्टरने शुक्रवारच्या तयारीसाठी ते तोंड काढलं, पॉलिश केलं आणि मऊ कापडावर ठेवलं. तेवढ्यात लिंडाने दोघांना बोलावलं. मी दहा मिनिटं एकटी राहिले.

आता इथे मला थोडं समजून घ्या. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या इचलकरंजीत त्या दिवशी माग थांबतात, पुसतात, त्यांना झेंडूच्या माळा पडतात. मी नोकरीत असताना एकही खंडेनवमी अशी गेली नाही की लेथला हळदकुंकू लागलं नाही. आणि इथे माझ्या पोटच्या पोरीसारख्या भाचीचं सगळं नशीब ज्या यंत्रावर टांगलेलं, ते यंत्र बिचारं कोरड्या कपाळाने बसलेलं.

मी टाकीला हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द. मोटारीच्या मागे एक ठिपका लावला, लोखंडी पायाला एक लावला. मग कापडावरचं ते पितळी तोंड दिसलं. मुख्य मानकरी तेच, त्याला कसं वगळणार? गुळगुळीत पितळेवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून आम्ही आधी बोटभर तेल लावतो. तसंच खोबरेल लावलं आणि त्यावर कुंकू टेकवलं, काठाच्या आतल्या अंगाला, म्हणजे केतकीला दिसून ती ओरडायला नको. हात जोडले. दोघं परत आली तेव्हा मी खिडकीतून पार्किंग बघत होते.

मंगळवार आणि बुधवार

दसऱ्याला शैलाताईंनी मागच्या अंगणातल्या कुठल्याशा झाडाची पानं सोनं म्हणून वाटली. डॉक्टरांनी ते झाड कोणतं हे आपल्याला माहीत असल्याचा आव आणला. आम्ही श्रीखंड खात होतो तेव्हा केतकीचा फोन आला. आवाज बसलेला.

"मावशी, रिंग डावीकडे जातेय. दर वेळेला. आणि अर्ध्या रस्त्यात फाटतेय."

बुधवारी मी तिथे गेले. लाल कडं बाहेर पडायचं, हातभर सरळ जायचं आणि मग खांदा पाडून डावीकडे वळायचं. दुसरं कडं त्याच्या आतून जायच्या ऐवजी बरगडीत शिरायचं आणि दोघांचा लाल गोंधळ व्हायचा. केतकीने एसी बंद करून पाहिला. पाण्याचं तापमान चार ठिकाणी मोजलं. बाहेरच्या रस्त्यावर ट्रक कधी जातात ते वहीत लिहिलं. वॉल्टरने लेव्हलची पट्टी ठेवून टाकी तपासली, मग पिस्टन, मग मोटार. मोटारीमागचा माझा ठिपका त्याला दिसला. त्याने तो गंज समजून पुसून टाकला.

संध्याकाळी तो खुर्चीवर टेकला आणि हळू आवाजात म्हणाला की चूक त्याचीच असणार. तोंड त्याने कापलं, पॉलिश त्याने केलं. पॉलिश करताना कुठेतरी काठ खाल्ला असेल. त्याची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. जुनं काढून तपासत बसण्यापेक्षा नवीनच तोंड कापायचं त्याने ठरवलं; पितळ गुरुवारी संध्याकाळी येणार, म्हणून शुक्रवारी सकाळी तो कापायला घेणार होता, पण ते दुपारपर्यंत होईल याची त्यालाही खात्री वाटत नव्हती. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, असं होतं कधीकधी. हे आठवलं की मला आजही शरम वाटते.

गुरुवार, शुगर लँड

शनिवारी इथल्या मराठी मंडळींचं दसऱ्याचं जेवण होतं आणि शैलाताईंनी शेवेचं पातेलंभर पीठ भिजवलं होतं. सोऱ्या माझा, म्हणून दांडा माझ्या हातात. पहिला घाणा तेलात सोडला आणि बघते तर काय, सगळ्या शेवा सरळ उतरताहेत, एक मात्र बाहेर पडल्या पडल्या डावीकडे वळून वेटोळं घालते आहे.

"शैलाताई, ओवा वाटून गाळून घातलात ना?"

"अगं, वेळ कुठे होता! तसाच अख्खा टाकला."

मी चकती काढली. एका भोकाच्या काठाला ओव्याचा एक दाणा चिकटून बसला होता. मी तो नखाने काढला, आणि त्याच क्षणी मला टाकीतलं ते पितळी तोंड आठवलं.

एसी किंवा तापमान चुकलं असतं तर कडं आज इकडे, उद्या तिकडे गेलं असतं. रोज एकाच बाजूला जातं म्हणजे दोष तोंडातच आहे. ही गोष्ट मी लेथवर पोरांना शेकडो वेळा सांगितली आहे. इचलकरंजीत खोबरेल वर्षातले दहा महिने पातळ असतं, पुसलं की गेलं. त्या प्रयोगशाळेत तर मला स्वेटर लागत होता. तिथे ते गोठलं असणार, कुंकवासकट, ओव्याच्या दाण्याएवढं कडक. पाण्यात ते विरघळणारही नाही.

शैलाताई विचारत होत्या, काय झालं, तेल फार तापलंय का. मी म्हटलं, काही नाही.

सरळ केतकीला फोन करायला हवा होता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी माझ्या मनाशी असा हिशेब मांडला की उद्या सकाळी शेव द्यायच्या निमित्ताने जायचं, कुणी नसताना अंगठ्याने तो दाणा काढायचा आणि गप्प बसायचं. कडं सरळ जाईल, केतकी आनंदात, वॉल्टर आनंदात, माझी अब्रू शाबूत. असे बेत मला फार पटकन सुचतात.

शुक्रवार, प्रयोगशाळा

डॉक्टरांनी मला नऊ वाजता सोडलं. केतकी लिंडाकडे, वॉल्टर खालच्या वर्कशॉपमध्ये. शेवेचा डबा टेबलावर ठेवला, स्टुलावर चढले, उजवी बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात पाण्यात घातला. नवरात्राच्या हिरव्या बांगड्या काचेवर किणकिणल्या. तोंड चाचपलं. डाव्या बाजूला, आतल्या काठावर, होताच तो. नखाने टोकरला तर टिचकी मारल्यासारखा निघून आला. मी हसले. हसताना पुढे झुकले आणि माझी ओढणी टाकीत पडली.

ओढणी लाल. आमच्या इचलकरंजीची, दुकानदाराने शपथेवर पक्का रंग म्हणून दिलेली. मी बघता बघता पाण्यात एक गुलाबी ढग उमलला. मी ओढणी ओढली, तर ढग टाकीभर झाला.

"मावशी?"

केतकी दारात उभी होती. तिच्यामागे लिंडा. माझा एक हात खांद्यापर्यंत पाण्यात, दुसऱ्या हातात गळणारी ओढणी. असल्या अवस्थेत खोटं बोलायलाही आधार सापडत नाही. मी स्टुलावरूनच सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून ओव्यापर्यंत. मराठीत केतकीला आणि मग इंग्रजीत लिंडाला, कारण तिलाही कळायला हवं होतं. कुंकवाला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना. मी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं.

लिंडाने घड्याळ पाहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली की टाकी रिकामी करून भरायला दोन तास, पाणी निवांत व्हायला तीन, म्हणजे आत्ता या मिनिटाला सुरुवात केली तर. आणि ती स्वतः बाह्या सारून नळ सोडायला गेली.

केतकी हलली नाही.

"तीन दिवस मी वेडी झाले होते, मावशी. वॉल्टर स्वतःला ब्लेम करत होता. आणि तू बघत होतीस."

"मला काल संध्याकाळीच कळलं गं."

"मग काल का नाही सांगितलंस? गुपचूप फिक्स करणार होतीस ना? नेहमीसारखं?" ती एक पाऊल पुढे आली. "तो सिरिंजचा जॅक. मी आठ दिवस बनवत होते. गळत होता, पण माझा होता. मी शाळेत निघायच्या आधी तू तो उचललास आणि तुझ्या वर्कशॉपमधला ठेवलास. फर्स्ट प्राइज मिळालं. मी ती ट्रॉफी घरी आणलीच नाही, माहितीये तुला? बाकावरच ठेवून आले."

मला माहीत नव्हतं. मला खरंच वाटत होतं की ती हरवली.

"हे एकच काम आहे जे माझं आहे," केतकी म्हणाली. "तू बाहेर बस. प्लीज."

मी बाहेर जाऊन बसले.

त्या बोळात एक बाक आहे आणि समोर पाण्याचं यंत्र. आत पंप चालू झाल्याचं ऐकू आलं, मग पाण्याची धार, मग पंप बंद. मधे एकदा नळाच्या जोडातून पाणी गळतंय असा आवाज आला आणि मी उठून अर्ध्या वाटेपर्यंत गेले. मग परत येऊन बसले. माझ्या वयाला आणि माझ्या स्वभावाला ते पाच तास फार जड गेले. मला रडूही आलं, ते सांगायला मी लाजत नाही.

बाराच्या सुमारास वॉल्टर कॉफीचे दोन पेले घेऊन माझ्याशेजारी बसला. त्याला सगळं कळलं होतं.

"म्हणजे माझा काठ चांगला होता," तो म्हणाला.

"उत्तम होता. चूक माझी. माफ करा."

त्याने कॉफीचा एक घोट घेतला. मग त्याने विचारलं की आम्ही खरंच दरवर्षी लेथची पूजा करतो का. मी म्हटलं, करतो. तो म्हणाला, तो त्याच्या लेथला इतकी वर्षं नुसत्या शिव्या देत आला आहे आणि कामं मात्र बिनचूक होताहेत, तेव्हा आम्ही एकदा शिव्या देऊन पाहायला हरकत नाही. मी हसले, तर कॉफी नाकात गेली. शेवेचा डबा त्याने आधीच उघडला होता, हे त्याच्या मिशीवरून दिसत होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तीन प्राध्यापक आले, माझ्याकडे बघून हॅलो म्हणाले आणि आत गेले. दार लागलं. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. उठून दोन पावलं टाकली असती तर सगळं दिसलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग पिस्टनचा एक ठोका, लगेच दुसरा. मग पुन्हा काही नाही. कुणीतरी काहीतरी विचारलं, केतकीने उत्तर दिलं, लांबलचक. तिचा आवाज मी इतका ठाम कधी ऐकला नव्हता. आणखी एक प्रश्न. मग सगळे एकदम हसले, आणि त्या हसण्यात मला माझं नाव ऐकू आलं. गेल्या तीन दिवसांचे निकाल वाकडे का, असं त्यांनी विचारलं होतं आणि केतकीने जे खरं ते सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं.

दार उघडलं. प्राध्यापक गेले. त्यातला एक जाता जाता मला वाकून नमस्कार करून गेला. मागून केतकी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली. "तिघंही हो म्हणाले. आता लिहायचं."

मी उठले, पण पुढे गेले नाही.

"मला अजून राग आहे, मावशी."

"असू दे."

"बराच आहे."

"असू दे गं. माझी घाई नाही."

ती थोडी हसल्यासारखी झाली. "मी अजून एक शॉट घेणार आहे. कॅमेरा नाही, कमिटी नाही. यायचं तर ये. हात मागे."

मी हात मागे बांधून आत गेले. पाणी पुन्हा निवांत होईपर्यंत पाऊण तास आम्ही न बोलता बसलो. वॉल्टरने दिवा लावला. केतकीने बटण दाबलं. पहिलं कडं निघालं, सरळ, रुंद होत होत. दुसरं मागून आलं, बारीक झालं आणि पहिल्याला कुठेही न शिवता त्याच्या आतून पार गेलं. मग मागे पडलेलं बारीक झालं आणि तेही गेलं. पलीकडच्या काचेपर्यंत पोचून दोन्ही विरली.

मी तोंड उघडलं.

"सल्ला नको, मावशी," केतकी टाकीवरची नजर न काढता म्हणाली.

"सल्ला नाही," मी म्हटलं. "हे मला जमलं नसतं. एवढंच."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढली, वेळ लिहिली आणि पिस्टन पुन्हा मागे घेतला.